ऐंशीच्या आत

डॉक्टरनं मला काट्यावर उभं केलं आणि आकडा मोठ्यानं वाचला. "चौऱ्याऐंशी." इतक्या मोठ्यानं वाचायची गरज नव्हती. पडद्यापलीकडं बाकड्यावर निम्मं मुरबाड बसलं होतं, त्यात दोघीजणी आमच्याच गावच्या.

"मावशी, दोन्ही गुडघे गेलेत," तो म्हणाला. "बदलावे लागतील. पण एवढ्या वजनावर मी हात लावणार नाही. दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या सोमवारी मी ऑपरेशनची यादी करणार आहे. त्या दिवशी तुम्ही ऐंशीच्या आत पाहिजे."

"आणि एक्याऐंशी भरले तर?"

"तर पुढच्या वर्षीची यादी."

माझ्या नातवाच्या वयाचा माणूस. पण नजर खाली घेतली नाही त्यानं. असा माणूस शब्दाचा पक्का असतो, मी ओळखते.

पुढचं वर्ष मला नको होतं. आमचं शेत ओढ्यापलीकडं आहे, घरापासून हाकेच्या अंतरावर, पण ओढा उतरायचा आणि तीन बांध चढायचे. दोन वर्षं झाली, मी ते शेत पाहिलं नव्हतं. ओटीवर प्लास्टिकची खुर्ची टाकलेली, त्यात मी. येणारा-जाणारा मला शेताची खबर देतो. माझा मुलगा जगदीश संध्याकाळी येऊन सांगतो, "आई, भात बरा आहे." आता बरा म्हणजे काय? बरा हे आजारी माणसाला विचारतात. भाताचं सांगायचं तर पोटरीत आला का, पात कुठं पिवळी पडली, बांध कुठं फुटला ते सांगायचं. खुर्चीत बसून राज्य दिल्लीत करत असतील. शेतावर पाय लागतात.

म्हणून मी डॉक्टरला म्हटलं, "येते ऐंशीच्या आत. नाव लिहून ठेवा."

"आधी या, मग लिहितो," म्हणाला.

बाहेर एक पातळशी पोरगी बसली होती, आहाराचं सांगणारी. तिनं मला छापील कागद दिला. दिवसाला चौदाशे कॅलरी, त्याच्या वर जायचं नाही. चौदाशे हा आकडा ऐकून माझा जीव भांड्यात पडला. चौदाशे म्हणजे काय कमी झालं का? मी सुनेला, राहीला म्हटलंसुद्धा, "एवढं तर मी खातही नसेन." राही काही बोलली नाही. ती सापगावची. सापगावच्या बाया बोलत नाहीत, मनात ठेवतात आणि बरोबर वेळेला काढतात.

घरी आल्यावर थोरली नात हर्षाली कागद घेऊन बसली. ती मुरबाडला कॉलेजला जाते. तिच्या मोबाइलात सगळ्या अन्नाचे आकडे असतात म्हणे. पण त्यात भाकरी होती ती कुठल्या तरी शहरातली, तळहाताएवढी. आमची तांदळाची भाकरी परातीएवढी. म्हणून आम्ही पडवीतला भेंडीचा काटा आणला. जगदीश भेंडी लावतो, पेट्या भरून बाजारात धाडतो, त्याचा तो विजेचा काटा. त्यावर राहीनं गरम भाकरी ठेवली. हर्षालीनं आकडे दाबले.

"आजी, पावणेचारशे."

"सगळ्या मिळून?"

"एक."

मी भाकरीकडं पाहिलं. तिनंही माझ्याकडं पाहिलं असावं.

"म्हणजे चार भाकऱ्यांत माझा दिवस संपला?"

"संपून वर गेला गो. आणि कालवण नाय धरलं अजून. तेल पण नाय."

जगदीश भेंडीच्या पेट्या बांधत होता, तो हसला. मी म्हटलं, "हसू नको. तुझी बायको तुला चार वाढते आणि पाचवी विचारते. तुझाही दिवस येईल काट्यावर."

तर असं सुरू झालं. हर्षालीनं तिची जुनी वही दिली. मी शाळेत दुसरीपर्यंत गेले, अक्षरं माझी वाकडी येतात, पण आकडे सरळ. सकाळी अर्धी भाकरी, एकशे नव्वद. दुपारी एक वाटी भात, दोनशे. आमटीचं पाणी, साठ. चहात साखर बंद. पहिल्या आठ दिवसांत मला सगळे आकडे पाठ झाले. हर्षाली मोबाइल उघडेपर्यंत मी सांगून मोकळी. वालाचं बिरडं, सुकट, चवळी, अंडं, केळं. गावात कोणाच्या घरी बसले तरी तोंडातून निघायचं, "ती भजी ना, एक सत्तरला पडते." लोकांनी मला बोलावणं कमी केलं. चहालासुद्धा.

घरात मी एक कायदा केला. माझ्या ताटाकडं कोणी बघायचं नाही. साठ वर्षं मी दुसऱ्यांच्या ताटाकडं बघत आले, कोणाला काय हवं, कोणाचं संपलं. आता माझ्या अर्ध्या भाकरीकडं सुनेनं कीव करत बघावं, हे मला चालणार नव्हतं. राहीला बजावलं, "मी जेवताना तू पलीकडं तोंड करून बस. आणि मधे बोलायचं नाय."

"नाय बोलत," ती म्हणाली.

भूक काय असते ते मला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणी पाहिलेली आहे. पण ती भूक वेगळी होती, तेव्हा घरात नसायचं. आता कणगीत आहे, डब्यात आहे, शिंक्यावर आहे आणि खायचं नाही. दुपारी तीनला पोटात कोणीतरी पाटा-वरवंटा फिरवायचं. मग मला बसवत नसे. काठी घेऊन मी ओटीवरून पडवीत, पडवीतून परसात, परसातून परत ओटीवर. गुडघे ठणकायचे, पण बसले की डोळ्यांसमोर भाकरी. मग कुठं निवडलेले वालच परत निवड, कुठं टांगलेली कणसं मोज, कुठं कोंबड्यांना शिव्या घाल. धाकटी नात काजल, नऊ वर्षांची, ती आपल्या बहिणीला सांगत होती ते मी ऐकलं, "आजी आज चौदा वेळा परसात गेली. मी मोजलं." घरात सगळ्यांनाच मोजायची चटक लागली होती.

पंधरा दिवसांनी आशाताई मीना आली. आरोग्य खात्याकडून गावातल्या बायका-पोरांचं वजन ती करते. तिचा काटा तिनं ओटीवर ठेवला. मी चप्पल काढली, कनवटीची चंची काढली, नाकातली चमकी तेवढी ठेवली. मनात म्हणत होते, दोन किलो तरी गेले असतील. दीड तर नक्कीच.

"चौऱ्याऐंशी तीनशे," मीना म्हणाली.

"काय तीनशे?"

"तीनशे ग्रॅम वाढलं, काकी."

मी म्हटलं काटा बिघडलाय. तिनं काजलला उभं केलं, मग स्वतः उभी राहिली, मग राहीला. सगळ्यांचं बरोबर आलं. मग मी म्हटलं जमीन वाकडी आहे. काटा अंगणात नेला. चौऱ्याऐंशी तीनशे. मग मी मीनाला म्हटलं, "तुझ्या खात्याचं मशिनच गरिबाच्या वाईटावर टपलेलं," आणि ती बिचारी गप्प काटा उचलून गेली. तिचं काही चुकलं नव्हतं. पण पंधरा दिवस उपाशी राहून वाढलेल्या बाईसमोर कोणी शहाणपणानं उभं राहू नये.

हर्षालीनं वही परत परत वाचली. रोजचे आकडे चौदाशेच्या आत होते. काही दिवस तेराशे. "आजी, तू लपून काही खातेस का?"

"मी? माझ्या घरात मी लपून खाऊ?"

"मग हे असं होऊच शकत नाय."

तेव्हा राही चुलीपाशी बसून बोलली. मान न वळवता. "पेज लिहिली का त्यात?"

"कुठली पेज?" हर्षाली म्हणाली.

"आत्या सकाळी दोन तांबे पेज पितात. संध्याकाळी एक."

मी म्हटलं, "पेज कोणी खातं का? पेज हे पिणं झालं. तहान लागते म्हणून पिते. भूक मारते मी, तहान पण मारू?"

राही उठली, तांब्यात पेज ओतली, गाळणीतून गाळली आणि गाळणीत उरलेला भात माझ्यासमोर काट्यावर ठेवला. गाळणीत माझं दुपारचं जेवण होतं. हर्षालीनं आकडे दाबले. तीन तांबे, सहाशेच्या वर.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मी ओरडले असते. मी राहीला विचारलं, "तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"मग तोंडाला काय झालं होतं?"

"तुमी म्हणालात माझ्या ताटाकडं बघायचं नाय, मधे बोलायचं नाय. मी पलीकडं तोंड करून बसले होते."

सांगितलं ना, सापगावची.

त्या दिवसापासून माझ्या तांब्यात वरचं निव्वळ पाणी. आणि राही माझ्या ताटासमोर तोंड करून बसायला लागली. कायदा मीच मोडला, कारण मला कोणीतरी खरं सांगणारं हवं होतं. भात ती मापायची, काट्यावर वाटी ठेवायची, एक शीत जास्त झालं तर चिमटीनं काढायची. मी म्हणायचे, "एवढी चिमटी सासऱ्याच्या वेळी लावली असतीस तर घर सोन्याचं झालं असतं." ती म्हणायची, "तेव्हा तुमी मला मापाला हात लावू देत नव्हता." खरंच देत नव्हते.

वजन उतरायला लागलं. त्र्याऐंशी चारशे. ब्याऐंशी नऊशे. मग एक आठवडा तिथंच अडून बसलं, ग्रॅमभर हलेना, तो आठवडा घरातल्यांना विचारा कसा काढला. मग ब्याऐंशी, मग एक्याऐंशी सहाशे. चोळी सैल झाली. रात्रीची झोप उडाली होती ती थोडी आली. पण जीव स्वस्थ नव्हता. दर सकाळी उठल्या उठल्या मनात आकडा यायचा, देवाच्या आधी.

माझी नणंद वेणू गावातच दिली आहे, वरच्या आळीला. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, जीभ माझ्याहून लांब. ती येऊन ओटीवर बसायची आणि पदरातून चणे काढून माझ्यासमोर खायची.

"काय गो ठकू, आज किती मापलंस?"

"तुमी खाताय ते मापलं वन्सं. दोनशे झाले. अजून खा."

"मी कशाला मापू? मला कोणी खुर्चीत नाय बसवलंय."

असं. मी तिला जवळून ओळखते, ती माझी काळजी करत होती. पण काळजी करायचीही पद्धत असते.

दसरा झाला. हळवं, आधी पिकणारं भात कापून, झोडून घरात आलं. मग नव्याचा दिवस ठरला आणि मला काटा रुतल्यासारखं झालं, कारण तो रविवारी आला. माझ्या सोमवारच्या आदल्या दिवशी.

आमच्या घरात नवं खाण्याची रीत अशी आहे. नवा तांदूळ घरात आला तरी तो कोणी तोंडात टाकायचा नाही. भावकीत एकच दिवस ठरतो. त्या सकाळी नव्या तांदळाचा भात, गूळ, नारळाचा रस, वालाचं बिरडं. घरातली वडील बाई पाटावर बसते, उगवतीकडं तोंड करून. तिला तीन वेळा वाढायचं. तिसऱ्यांदा खाऊन झालं की घरातलं सगळ्यांत लहान मूल विचारतं, "पोट भरलं का?" ती म्हणते, "भरलं." मग सगळे म्हणतात, "आमचंबी भरो." मगच बाकीच्यांची पानं वाढतात. तिनं भरलं म्हटल्याशिवाय कोणी शीत उचलत नाही. माझी सासू सत्तावीस वर्षं बसली. ती गेल्यावर मी. गुडघे गेल्यापासून पाटामागं माझ्यासाठी खुर्ची ठेवतात, पण जागा तीच.

शनिवारी संध्याकाळी मीनाला बोलावलं. मागचं सगळं विसरून ती आली. ऐंशी दोनशे.

हर्षाली म्हणाली, "आजी, उद्या पेजेचं पाणी, काकडी आणि एखादं अंडं. एवढ्यावर राहिलीस तर सोमवारी सकाळी ऐंशीच्या आत येशील. पण नव्याचं जेवलीस तर नाय. तीन वाढी भात, गूळ, नारळ. मी हिशेब केला. एका बैठकीत सतराशे. आणि भात पोटात पाणी धरून बसतो. सोमवारी तू एक्याऐंशीला असशील."

जगदीश म्हणाला, "आपण नवं पुढल्या रविवारी करू."

"भावकी एक दिवस आणि आपण वेगळ्या दिवशी? कणगीत जुना तांदूळ किती आहे ते बघितलंस? आठ दिवस पोरींना काय घालशील, भेंडी?"

वेणू वन्संनी त्यांच्या परीनं वाट काढली. "तीनदा वाढून घे, पण दोन-दोन शितं. मग म्हण भरलं. देवाकडं काय काटा आहे?"

मी म्हटलं नाही. का नाही, ते घरात सगळ्यांना माहीत होतं, तरी सांगितलं. आमचे हे होते त्या काळात एका वर्षी मला नव्याच्या दिवशी ताप होता. दोन घास गिळले आणि भरलं म्हटलं. पोट भरलेलं नव्हतं. त्या वर्षी गरव्या, उशिरा पिकणाऱ्या भातावर तुडतुडे पडले, उभं शेत जळल्यासारखं तांबडं झालं, आणि शिमग्यापासून आम्ही विकतचा तांदूळ आणला. माणसांशी मी खोटं बोलते, गरज असली तर. भाताशी एकदाच बोलले.

हर्षाली म्हणाली, "आजी, तुडतुडे तुझ्या पोटामुळं नाय येत गो."

"तू कॉलेजात शिकतेस, तुझं बरोबर असेल. पण त्या वर्षी विकतचा तांदूळ मी निवडलाय, तू नाय."

रात्रभर मी कूस बदलत होते. खावं तर वर्ष गेलं, आणि माझ्या वयाला वर्ष म्हणजे काय ते डॉक्टरला काय माहीत. न खावं तर रीत मोडली. खोटं खावं तर ते मागचं वर्ष. सकाळपर्यंत तिन्ही वाटा मी इतक्यांदा चालले की शेतावर चार वेळा जाऊन आले असते.

सकाळी पडवी सारवलेली होती. पाटापुढं पळसाची पत्रावळ, पाटामागं माझी खुर्ची. भावकीतल्या दोघी, वेणू वन्सं, जगदीश, पोरी, सगळे भिंतीला लागून उभे. चुलीवरून राहीनं पातेलं उतरवलं. नव्या भाताचा वास आला आणि माझ्या तोंडाला इतकं पाणी सुटलं की मला गिळावं लागलं. अडीच महिने मी वाटीनं भात खात होते. त्या क्षणी मला कोणी सोडलं असतं तर मी ते पातेलं एकटीनं संपवलं असतं, आणि भरलं म्हणताना माझ्या आवाजात काडीचं खोटं नसतं.

मी खुर्चीपर्यंत गेले. हात खुर्चीच्या पाठीवर ठेवला. मग खुर्ची ओढून बाजूला केली.

"राही, हात धू. पाटावर बस."

आधी कोणाला कळलंच नाही. मग वेणू वन्सं पुढं आल्या. "ठकू, भान आहे का तुला? माझ्या आयशीनं मरेपर्यंत पाट सोडला नाय. हा पाट मेल्यावर सुटतो. लोक काय समजतील, तू गेलीस?"

"गेले नाय म्हणून तर वाढायला उभी आहे. मेलेली बाई वाढते का वन्सं?"

"वाढतेय म्हणे. पायांवर उभं राहवत नाय आणि वाढतेय."

राही पातेलं धरून तशीच उभी. "मी नाय बसणार," ती म्हणाली. "आज बसवाल, उद्या गावभर सांगाल सुनेनं पाट बळकावला."

"सांगेन," मी म्हटलं. "नक्की सांगेन. तू बस."

जगदीश काही बोलायला गेला, मी त्याच्याकडं नुसतं पाहिलं. राहीनं पातेलं खाली ठेवलं, हात धुतले, पदर खोचला आणि पाटावर बसली. मी एका हातानं काठी धरली, दुसऱ्या हातानं पळी. पहिलं वाढलं.

पहिलं वाढप तिनं लाजत खाल्लं, भराभर, खाली मान घालून, जसं कोणी उठवेल. दुसऱ्या वेळी गूळ मोडून भातात कालवला. मी मनातल्या मनात मोजत होते, सवयच लागली होती, चारशे, साडेसातशे. तिसऱ्या वेळी तिनं नारळाचा रस मागितला. तिनं मागितला, मी दिला. भातावरची वाफ तिच्या तोंडावर येत होती आणि ती डोळे मिटून खात होती. तेव्हा मला कळलं की बावीस वर्षांत मी हिला गरम भात खाताना पाहिलेलं नाही. ही शेवटी बसते. सगळ्यांचं झालं की, पातेल्याच्या बुडाशी जे असेल ते, गार. मीसुद्धा माझ्या सासूच्या वेळी तशीच बसायचे. मी ते विसरले होते, की विसरायचं ठरवलं होतं, देव जाणे.

काजल पुढं आली. "आई, पोट भरलं का?"

राहीनं पत्रावळीकडं पाहिलं. मग माझ्याकडं.

"नाय अजून," ती म्हणाली. "वाढा आत्या."

भिंतीला लागून उभ्या असलेल्यांत चुळबुळ झाली. वेणू वन्सं म्हणाल्या, "तीनदाच असतं."

"तीनदा वाढायचं असतं," राही म्हणाली. "भरल्याशिवाय भरलं म्हणायचं नाय, ते आत्यांनी काल सगळ्यांसमोर सांगितलं."

मी वाढलं. चौथ्यांदा पळी भरून. माझ्या पोटात वरवंटा फिरत होता, गुडघ्यात सुया, सगळं घर उपाशी उभं, आणि ही बाई एकेक घास असा चावत होती जसा काही तो घास बावीस वर्षं वाट बघत होता. मला राग आला. खूप राग आला. आणि पळी मी पातेल्यात परत ठेवली नाही, पाचव्यांदा मागितलं तर हवी म्हणून.

मागितलं नाही. तिनं बोटं चाटली, पाणी प्यायली.

काजलनं परत विचारलं, "आई, भरलं का?"

"भरलं," राही म्हणाली. तिचा आवाज इतका मोठा मी कधी ऐकला नव्हता.

"आमचंबी भरो," सगळे म्हणाले. मी पण म्हटलं. मग मी काकडी खाल्ली, अंडं खाल्लं आणि परसात गेले.

सोमवारी सकाळी जगदीशनं भेंडीच्या टेम्पोतून आम्हाला मुरबाडला सोडलं, मला आणि राहीला. डॉक्टरच्या काट्यावर मी उभी राहिले. या वेळी मीच खाली वाकून आकडा वाचला, त्याच्या आधी. एकोणऐंशी नऊशे.

"मावशी, आलात की," तो म्हणाला. मग त्यानं पेन काढलं आणि नाव लिहिलं. दिवाळीनंतर ऑपरेशन. एक पाय आधी, दुसरा तीन महिन्यांनी. "सहा आठवडे घरात. शेतात पाऊल नाही. आणि हे वजन वाढवायचं नाही. मोजणं चालू ठेवा."

मी राहीकडं पाहिलं. दिवाळीनंतर म्हणजे गरवं भात. कापणी, भारे, झोडणी, कणगी भरणं, बियाणं निवडून वेगळं ठेवणं. सहा आठवड्यांत सगळं होऊन जाणार, आणि मी पलंगावर.

परत येताना एसटी मिळाली. खिडकीशी राही, तिच्या शेजारी मी, पाय लांब करून. मी तिला सांगायला लागले. बियाण्याचा भारा मधल्या खाचरातला घ्यायचा, कडेचा नाय. झोडताना पहिलं पडतं ते बियाण्याला, नंतरचं खायला. कणगीच्या तळाला आधी कडुनिंबाचा पाला. मजुरांना जेवण आधी द्यायचं, मग काम, नायतर भारे सैल बांधतात. ती बाहेर बघत "हं, हं" करत होती. टोकावडं जवळ आलं तरी माझं चाललंच होतं.

"आत्या," ती म्हणाली, "मला माहीत आहे सगळं. बावीस वर्षं बघतेय."

मी तिकिटाची घडी केली, उलगडली, परत केली. एक थांबा गेला. मग मी परत पहिल्यापासून सांगायला लागले.